पांढऱ्या छपरावरची हळद

मी एकदा लोणच्याच्या कैऱ्या वाळवायला भाऊजींच्या ट्रेलरच्या छपरावर चढले होते. तेव्हा मी तरुण होते... जेमतेम सासष्ट वर्षांची. त्या वयात बायकांना वाटतं की आपल्याला सगळं कळतं, आणि जे कळत नाही ते झाकता येतं. त्या दुपारी मी जे केलं ते पुढची आठ वर्षं कुणालाही सांगितलं नाही. भाऊजींना तर नाहीच. आज भाऊजी नाहीत. त्यांना जाऊन सात आठवडे झाले. त्यांच्याविषयी चार ओळी लिहायला बसते, तर लेखणी दर वेळी त्या छपरावरच जाऊन उभी राहते. तेव्हा आधी छप्पर, मग भाऊजी. त्यांनाही हाच क्रम आवडला असता.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, अरविंद. कर्वेनगरात एकाच इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर, ते तळमजल्यावर. हडपसरच्या एका रबराच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मालाची तपासणी केली. रबराच्या चकत्या, नळ्या, पट्टे अंगठ्याने दाबून पाहायचे आणि हा ठेवा, तो फेका, असं सांगायचं. निवृत्त झाल्यावर लोक गावाकडे बंगला बांधतात. यांनी ट्रेलर घेतला. म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत पुढच्या बाजूला मोठा पलंग, मागे एक लहान, मध्ये ओटा आणि खुर्चीएवढं न्हाणीघर. इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, बरोबर माझ्या गॅलरीखाली, तो उभा असायचा. मी त्याला 'डबा' म्हणत असे. भाऊजी रागावत नसत. नुसतं म्हणायचे, "वहिनी, डब्याचं झाकण नीट असलं पाहिजे. बाकी सगळं आपोआप नीट राहतं."

झाकण म्हणजे छप्पर. प्लायवूडच्या तक्त्यांवर चिकटवलेली पांढरी रबरी चादर. पुढच्या पलंगाच्या वर एसी बसवलेला, मागे हवेचा झरोका. जिथे जिथे चादर कापलेली, तिथे आणि कडेच्या पट्ट्यांवर फटी बुजवणाऱ्या सीलंटचे जाड लेप. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊजी शिडी लावायचे. चपला खाली काढून, देवळात शिरल्यासारखे वर जायचे. साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने चादर धुवायची, चुन्यासारखं पीठ सुटतंय का ते बोटावर घेऊन पाहायचं, सीलंटला तडा गेलाय का ते नखाने तपासायचं. आणि मग गुडघ्यांवर बसून तळहाताने वीतवीत जागा दाबत जायची. कधीकधी पोटावर आडवं होऊन, छपराला कान लावून बोटाच्या पेराने ठोकायचे. "वरून काही दिसत नाही," असं ते सांगत. "रबर वर्षानुवर्षं हसतमुख असतं. खाली लाकडाचा चोथा झालेला असतो. हात ठेवल्याशिवाय कळत नाही, वहिनी." हे सांगताना त्यांचा आवाज उगाचच खाली जायचा. मला गंमत वाटायची. मी म्हणायचे, "तुम्ही माणसं तपासायला हवी होतीत."

तर ती कैऱ्यांची दुपार. मे महिना. भाऊजी आणि माझी जाऊ नलू, दोघं मुलीकडे, मुक्ताकडे, नागपूरला गेलेली. आमच्या गच्चीवर दुरुस्ती चाललेली, सेक्रेटरींनी 'वाळवणे घालू नयेत, घातल्यास गोळा करून खाल्ली जातील' अशी पाटी लावलेली. मंडईतून पाच किलो कैरी आणून, फोडी करून, मीठ-हळद लावून मी बसले होते. गॅलरीतून खाली पाहिलं, तर भाऊजींचं छप्पर! पांढरंशुभ्र, सपाट, चारी बाजूंनी ऊन. देवाने माझ्यासाठीच पाठवलेलं ताट. पदर खोचला, शिडी लावली, जुनं पातळ अंथरलं आणि फोडी पसरल्या. चपला मात्र काढल्या हो. तेवढे संस्कार होते.

संध्याकाळी फोडी उचलल्या, तर पातळाखाली चादरीवर परातीएवढा पिवळाजर्द डाग. आता, चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे ठाऊक असतं की हळदीचा डाग उन्हात आपोआप उडतो. नातवंडांची दुपटी मी तशीच स्वच्छ केली होती. दोन दिवस नुसती गप्प बसले असते तर काम झालं असतं. पण गप्प बसणं मला कधी जमलंय? मोरीच्या फळीवर रेशनच्या काळापासून जपून ठेवलेली रॉकेलची बाटली होती. रॉकेलने सगळं निघतं, ही माझी श्रद्धा. बोळा भिजवला आणि खसखसून घासलं. डाग गेला. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून पाहते तर त्या जागी चादर फुगलेली... टम्म, पुरीसारखी.

शहाणी बाई तिथे थांबली असती. मी सेफ्टी पिन घेऊन वर गेले. पुरी फुगली की टोचावी, वाफ जाते, पुरी बसते! मी एक भोक पाडलं. बसली नाही. मग आणखी सात-आठ पाडली. मग हाताने दाबून ती जागा सपाट केली आणि दाराला लावून उरलेला पांढरा ऑइल पेंट वरून फासला. खाली उतरून मी स्वतःला म्हणाले, "कुणाच्या बापाला कळायचं नाही." हे वाक्य मी स्वतःला बऱ्याच आत्मविश्वासाने ऐकवलं होतं.

भाऊजी आले. तो आठवडा मी सातारला भाचीच्या लग्नाला पळून गेले. लग्न दोन दिवसांचं, मी पाच दिवस राहिले. परत आले तेव्हा सगळं शांत. गॅलरीतून पाहिलं तर माझा रंग इतका बेमालूम बसलेला की कुठे लावला होता ते मलाही ओळखू येईना. माझी मीच पाठ थोपटली. त्याच संध्याकाळी भाऊजी वर चहाला आले. बशीत चहा ओतताना, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, "वहिनी, हळदीचा डाग म्हणे उन्हात आपोआप जातो."

मी म्हटलं, "हो... जातो की."

"रॉकेल वगैरे काही लागत नाही?"

"छे! रॉकेल कशाला?"

"मग बरं," ते म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

मी मनाशी ठरवून टाकलं की हा योगायोग आहे. माणसाला हवे तेव्हा योगायोग सापडतात.

पुढच्या पहिल्या रविवारी मी गॅलरीत उभी राहून श्वास रोखून पाहत होते. भाऊजी वर चढले आणि सरळ मागच्या बाजूला, झरोक्याशेजारी, माझ्या जागेवर जाऊन गुडघे टेकून बसले. तळहात ठेवला. दाबला. बराच वेळ तसेच होते. मग पुढे सरकले. पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. तपासणीची सुरुवात तिथूनच व्हायला लागली, आणि जसजशी वर्षं गेली तसतसा तिथला वेळ वाढत गेला आणि बाकीच्या छपराचा कमी होत गेला. मी दर खेपेला म्हणायचे, आज सापडणार. कधी एकदा सापडतंय असं व्हायचं, आणि सापडू नये म्हणून देवाला दिवाही लावायचे. आमच्या घराण्यात देवालाही अशी परस्परविरोधी कामं दिली जातात.

पाच वर्षांपूर्वी नलू गेली. आमचे 'हे' त्याआधीच गेलेले. मग भाऊजी मला ट्रेलरमधून फिरायला न्यायला लागले. कधी वाईला, कधी भोरच्या बाजूला, सुट्टीत मुक्ताची दोन्ही मुलं असली की कोकणात. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलंच, "दीर-वहिनी कुठे निघाले?" मी म्हटलं, "मधुचंद्राला. तुम्हाला काही आणायचंय?" भाऊजींनी जीपचा आरसा उगाचच पुसायला घेतला. मी झोपायचे मागच्या लहान पलंगावर, म्हणजे बरोबर माझ्याच पापाखाली. ते पुढे, एसीखाली. एकदा भोरजवळ दुपारभर पाऊस कोसळला. रबरावर पाऊस पत्र्यासारखा वाजत नाही. तो गुपचूप पडतो, कुणीतरी वर उशा टाकत असल्यासारखा. मी पडल्यापडल्या आढ्याकडे टक लावून होते. पहिला थेंब कुठून येईल ते मला माहीत होतं.

"काय बघताय, वहिनी?"

"पाल."

"गेली का?"

"दबा धरून बसलीय."

थेंब आला नाही. कधीच आला नाही. पण त्याच सहलीत, पुढच्या पलंगापाशी चादर घड्या करताना, मला पहिल्यांदा एक वास आला. ओलं बारदान कोपऱ्यात विसरलं की येतो तसा, गोडसर आणि कुजका. मी नाक उडवलं. भाऊजींचे मोजे असतील म्हटलं. पुढच्या वर्षी तो वास पुन्हा आला, जरा जास्त. आणि इथे मला माझ्या दुसऱ्या मूर्खपणाची कबुली द्यायला हवी, कारण पहिल्यापेक्षा हा मोठा आहे. मला तेव्हा हायसं वाटलं. माझी भोकं मागे, वास पुढे; म्हणजे त्याचा माझ्याशी काही संबंध नाही! मी त्या वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. छपराचा विषय निघाला असता तर तो मागपर्यंत आला असता.

भाऊजींचा उजवा गुडघा दुखायचा. घरातला प्रत्येक जण त्या गुडघ्यामागे लागला होता. मुक्ता फोनवरून, मी तेलाची वाटी घेऊन, डॉक्टर फोटो काढून. गेल्या हिवाळ्यापासून ते शिडीच्या मधल्या पायरीवर थांबायला लागले. एक हात शिडीला, दुसरा गळ्याखाली. मी वरून ओरडायचे, "तरी सांगत होते, गुडघ्याला पट्टा बांधा!" ते खालून हसायचे आणि जरा वेळाने पुढची पायरी चढायचे. उतरल्यावर गुडघ्याचं काही बोलायचे नाहीत, म्हणायचे, "जळजळतंय थोडं, ओवा आहे का?" मी ओवा द्यायचे. आणि वरून गुडघ्याचं तेल.

एप्रिलचा पहिला रविवार. पावसाळ्याआधीची मोठी तपासणी. मी चहा टाकून गॅलरीत आले, तर भाऊजी माझ्या जागेवर पोटावर आडवे, गाल छपराला लावलेला, तळहात पसरलेला. नेहमीसारखे कान लावून ऐकत होते. मी म्हटलं, "अहो, छपराच्या पोटात काय गुडगुडतंय?" उत्तर नाही. कामात असले की ते उत्तर देत नसत. मी आत जाऊन चहा गाळला. परत आले. तसेच होते. "भाऊजी, चहा निवतोय." ऊन चढायला लागलं होतं. मला खोडी सुचली. मी कठड्यावरून वाकून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भाऊजी, आहात की गेलात?"

तेवढ्यात एक साळुंकी येऊन छपरावर बसली. दोन पावलं चालली. मग त्यांच्या हातावरून चालत गेली... छपरावर पाखराची सावली पडलेली ज्यांना खपत नसे, त्या माणसाच्या हातावरून. आणि हात हलला नाही.

डॉक्टर म्हणाले हृदय. म्हणाले, फार त्रास झाला नसेल. असं सगळ्यांनाच सांगतात. गुडघा अगदी ठीक होता.

मी रडले, पण खरं सांगायचं तर रडण्याच्या आत दुसरंच काहीतरी चाललं होतं. ते माझ्या जागेवर गेले. तळहात तिथेच होता. मग त्या क्षणी काय झालं असेल? हाताखालचं लाकूड अचानक खचलं असेल? आठ वर्षं मुरलेलं पाणी, माझ्या पिनेच्या भोकांतून... आणि त्या धक्क्याने? तेराव्याला पानं वाढताना माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती: तो प्लाय. मग मुक्ताचा फोन आला. "काकू, ट्रेलर मी नागपूरला नेते. मुलांना आजोबांच्या पलंगावरच झोपायचंय. मेच्या शेवटी येते न्यायला." त्या दिवसापासून मला धड घास जाईना. स्वतःचं पाप स्वतः खाणं वेगळं; त्याच्या खाली दोन मुलं झोपवणं वेगळं.

मी बबनरावांना फोन केला. बबनराव म्हणजे कारखान्यात भाऊजींच्या हाताखाली काम केलेले गृहस्थ, हडपसरपलीकडच्या गावचे. ट्रेलरच्या प्रत्येक दुरुस्तीला भाऊजी त्यांनाच बोलवायचे. ते आले, शिडी लावली, चपला काढल्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. कैऱ्या, हळद, रॉकेल, पिन, रंग. बोलताना मी शिडी घट्ट धरून ठेवली होती. बबनराव ऐकत राहिले आणि मग, काय सांगू, हसले.

"मला ठावं हाय की, वयनी. आख्ख्या छपराला रॉकेलचा वास मारत व्हता, रंगाखाली थोडी हळद बी ऱ्हायली व्हती. तुमी सातारला गेला, तवा आमी दोघांनी त्येवढी जागा कापून काढली. नवा प्लाय, वर दुहेरी रबर. सायेब म्हनले, वयनींना कळू द्यायचं न्हाय. लाजत्याल."

म्हणजे बेमालूम बसलेला तो माझा रंग! मी शिडीलाच टेकले. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. बबनराव वर गेले. मी गॅलरीत धावले. त्यांनी मागच्या जागेवर हात ठेवला, दाबला, ठोकलं. खणखणीत आवाज आला. "हाडावानी कोरडं हाय," ते म्हणाले. त्या जागी पांढरी चादर किंचित गुळगुळीत झाली आहे, उंबऱ्यावर पाऊल पडून पडून होते तशी; नीट पाहिलं तर तळहाताएवढीच. मला वाटलं, सुटले. पेढे आणावेत इतकं वाटलं.

मग बबनराव गुडघ्यांवर पुढे सरकत गेले. एसीच्या पलीकडे, पुढच्या कडेची पट्टी असते तिथे, त्यांनी हात ठेवला. आणि हात खाली गेला. सावकाश, उशीत जातो तसा. वरून चादर पांढरी, सपाट, हसतमुख. त्यांनी पट्टीचा एक स्क्रू बोटांनीच उपसला. त्याबरोबर काळपट ओला भुसा बाहेर आला. तो वास माझ्या गॅलरीपर्यंत आला. मला तो ओळखीचा होता.

ते खाली उतरले तेव्हा हसत नव्हते. नळावर हात धुतले, मी दिलेला चहा घेतला आणि उभ्यानेच सांगितलं की पोरांना यात झोपवायचं नाही; पुढचा प्लाय संपलेला आहे, एसी लाकडावर नव्हे, नुसत्या रबरावर बसलाय, कितीतरी दिवसांपासून. भाऊजी त्याखाली झोपत होते. मग त्यांनी विचारलं, "आत कुनाला वास आला न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "मला आला होता."

बबनरावांनी कप नळाच्या कट्ट्यावर ठेवला. वर, त्या पांढऱ्या कडेकडे, पाहिलं. मग म्हणाले, "आठ वरसं सायेबांनी तुमच्या ठिगळावर हात ठिवला, वयनी. त्ये शेवटपतुर पक्कं ऱ्हायलं. पुढं मातुर कुनाचा हातच गेला न्हाय."